इंधन कार्ड घ्यावे की नको : पगारदाराने करायचा हिशेब

एप्रिल उजाडला की आमच्या लेखा विभागातून पगाराच्या मांडणीचा तक्ता प्रत्येकाच्या हाती जातो आणि त्यातल्या ‘इंधन कार्ड (कंपनीच्या पैशाने पंपावर इंधन भरायचे कार्ड) : हवे / नको’ या एका ओळीपाशी निम्मी माणसे अडतात. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात पगारपत्रके करताना मला याबद्दल दरवर्षी विचारणा होते आणि ती बहुधा एकाच शब्दांत होते : “कार्ड घेतले तर कर किती कापाल?” याला एक आकडा सांगून मोकळे होता येत नाही. गाडी कोणाच्या नावावर आहे, कार्डाची रक्कम पगाराच्या वर मिळते की पगारातूनच काढून दिली जाते, आणि आपल्या उत्पन्नाचा शेवटचा रुपया कराच्या कोणत्या टप्प्यात पडतो, या तीन गोष्टी समोर असल्याखेरीज त्या ओळीवर खूण करू नये.

पुढील सर्व आकडे आर्थिक वर्ष 2025-26 चे, म्हणजे 1962 च्या आयकर नियमावलीतील नियम 3 प्रमाणे आहेत. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा आयकर कायदा लागू होत असल्याने त्यानंतरच्या पगारासाठी नव्या नियमावलीतील रकमा त्याच जागी घालून हीच आकडेमोड करावी.

आधी आरसी बुक पाहावे

पगाराव्यतिरिक्त मालकाने दिलेल्या सोयीचे जे मूल्य करपात्र धरले जाते, त्याला पगाराच्या भाषेत पर्क्विझिट म्हणतात. गाडीच्या बाबतीत हे मूल्य कसे धरायचे, ते गाडी कंपनीची आहे की कर्मचाऱ्याची, यावर पूर्णपणे बदलते. कार्ड तेच आणि पंपही तोच असला तरी कर मात्र दोन वेगळ्या रीतींनी लागतो.

गाडी कंपनीच्या मालकीची किंवा कंपनीने भाड्याने घेतलेली असेल, ती कामासाठी आणि घरासाठी अशी दोन्हीकडे वापरली जात असेल, आणि इंधनासह सगळा खर्च कंपनी करत असेल, तर 1.6 लिटरपर्यंतच्या इंजिनाला दरमहा 1,800 रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनाला 2,400 रुपये इतकेच मूल्य पगारात मिळवले जाते. महिन्याला चार हजारांचे पेट्रोल जाळले काय किंवा चौदा हजारांचे जाळले काय, हा आकडा बदलत नाही. मात्र खासगी वापराचा चालवण्याचा व देखभालीचा सगळा खर्च कर्मचाऱ्याने स्वतः केला, तर हेच मूल्य 600 किंवा 900 रुपयांवर येते. कंपनीने चालक दिला असेल, तर दोन्ही परिस्थितींत 900 रुपये अधिक धरावे लागतात. या रकमा 2009 साली ठरल्या आणि पुढे पंधरा-सोळा वर्षे तशाच राहिल्या, हे कर्मचाऱ्याच्या पथ्यावरच पडले.

म्हणजे कंपनीची गाडी आधीच दारात असलेल्या माणसापुढे प्रश्न एवढाच उरतो, की खासगी फेऱ्यांसाठीही कार्ड घ्यावे का. कार्ड घेतल्याने लहान गाडीचे करपात्र मूल्य 600 वरून 1,800 वर, म्हणजे दरमहा 1,200 रुपयांनी वाढते. ज्याचा शेवटचा टप्पा 20 टक्क्यांचा आहे, त्याला 4 टक्के उपकर धरून 20.8 टक्क्यांनी महिन्याला सुमारे 250 रुपये, म्हणजे वर्षाला 2,995 रुपये जादा कर पडतो. पेट्रोल हिशेबापुरते 105 रुपये लिटर आणि गाडीची सरासरी 15 किलोमीटर धरली, तर 250 रुपयांत गाडी 36 किलोमीटर जाते. सोलापूरहून अक्कलकोट सुमारे 40 किलोमीटर आहे. तेव्हा घरच्यांना घेऊन महिन्यातून एकदा स्वामींच्या दर्शनाला जाऊन येणाऱ्याचेही कार्ड वसूल होते. मोठी गाडी आणि 30 टक्क्यांचा टप्पा असेल, तर फरक 1,500 रुपयांचा आणि त्यावरचा कर दरमहा 468 रुपये होतो. अशी गाडी असणाऱ्याचे खासगी डिझेल महिन्याला 468 रुपयांहून कमी असण्याची शक्यता मला तरी कमी वाटते.

इथे एक इशारा द्यायला हवा. इंटरनेटवर या विषयाचे बरेचसे इंग्रजी लेखन ब्रिटनमधील पगारदारांसाठी असते आणि त्यात कार्ड नाकारण्याचा सल्ला वारंवार आढळतो. तो तिथल्यापुरता बरोबर आहे. तिथे 2025-26 साठी 28,200 पौंड हा ठरावीक आकडा घेऊन त्याला गाडीच्या धुराड्यातून निघणाऱ्या कार्बनवर ठरणाऱ्या टक्केवारीने गुणतात आणि येणाऱ्या रकमेवर कर लावतात. खासगी वापर थोडा असणाऱ्याला तो सौदा महाग पडतो. आपल्याकडील ठरावीक मूल्य त्या मानाने फारच लहान असल्याने तो सल्ला सोलापुरात लागू पडत नाही.

कंपनीच्या गाडीबाबत आणखी दोन बारकावे आहेत. कंपनीने दिलेल्या वाहनातून घर ते कामाचे ठिकाण ये-जा करणे ही करपात्र सोय मानली जात नाही, त्यामुळे जुळे सोलापुरातून चिंचोळीला रोज येणाऱ्याने ती फेरी खासगी वापरात मोजून घाबरून जाऊ नये. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. काही ठिकाणी कंपनी इंधनापोटी पगारातून दरमहा हजार-दीड हजार कापून घेते आणि कर्मचारी समजतो, की तेवढे मूल्य कमी झाले. दुहेरी वापराच्या गाडीत अशी वजावट मिळत नाही. खासगी वापराचा खर्च पूर्णपणे कर्मचारी करत असेल, तरच मूल्य खालच्या आकड्यावर येते. अर्धवट कपात सोसणाऱ्याच्या खिशातून कपातही जाते आणि वरच्या आकड्यावरचा करही जातो.

गाडी स्वतःची असेल तेव्हा

बहुतेकांची गाडी स्वतःचीच असते आणि इथे हिशेब उलटा चालतो. कंपनीने कार्डावर जेवढा खर्च केला, त्यातून 1,800 (मोठ्या इंजिनाला 2,400) रुपये वजा करून उरलेली सगळी रक्कम करपात्र होते. मोटारसायकल किंवा स्कूटर असेल, तर वजावट 900 रुपयांची असते. ही मर्यादा इंधन आणि देखभाल यांची मिळून आहे, त्यामुळे कंपनी विम्याचे किंवा सर्व्हिसिंगचे बिलही देत असेल, तर ते याच 1,800 मध्ये बसवावे लागते. नव्या करप्रणालीत अनेक सवलती गेल्या असल्या तरी वाहनाच्या मूल्याचा हा नियम तिथेही लागू आहे. “नवी प्रणाली घेतली, आता कार्डाचा काय उपयोग” हे मी इतक्या वेळा ऐकले आहे, की ते इथे खोडून काढणे भाग आहे.

महिन्याला 6,000 रुपयांचे कार्ड घेतले आणि कामाच्या फिरतीची कोणतीही नोंद ठेवली नाही, तर वर्षाच्या 72,000 रुपयांपैकी 21,600 करमुक्त आणि 50,400 करपात्र होतात. शेवटचा टप्पा 15 टक्क्यांचा असेल, तर 21,600 वर वाचलेला कर 3,370 रुपये भरतो. 20 टक्क्यांच्या टप्प्यात तो 4,493 आणि 30 टक्क्यांच्या टप्प्यात 6,739 रुपये होतो. नोंद न ठेवणाऱ्या, लहान गाडीच्या मालकाला वर्षभराच्या कार्डातून एरवी याहून अधिक काही मिळत नाही. ही रक्कम टाकून देण्यासारखी नाही, पण तिच्यासाठी पगाराची मांडणी उलटीपालटी करावी इतकी मोठीही नाही.

आता आपल्याकडचा खास घोळ. सोलापुरात घरची गाडी पुष्कळदा वडिलांच्या किंवा पत्नीच्या नावावर असते आणि चालवतो मात्र मुलगा किंवा नवरा. नियमात शब्द आहेत ते कर्मचाऱ्याच्या मालकीच्या गाडीचे. आरसी बुकावर आपले नाव नसेल, तर 1,800 ची वजावट गृहीत धरू नये. लेखा विभाग आरसी बुकाची प्रत मागतो तो याच कारणाने. प्रत देताना इंजिनाची क्षमता कुठे लिहिली आहे तेही पाहून ठेवावे. 1,497 सीसी म्हणजे 1.6 लिटरच्या आत.

वर मिळते की आतून निघते

कार्ड पगाराच्या वर, जादा म्हणून मिळत असेल, तर फार विचार करण्याचे कारण नाही. स्वतःची गाडी असली तरी 1,800 च्या वरच्या प्रत्येक शंभर रुपयांच्या पेट्रोलला एकवीस किंवा एकतीस रुपये कर पडेल. एरवीही तेवढे पेट्रोल भरावेच लागत असेल, तर एकोणऐंशी किंवा एकोणसत्तर रुपये वाचलेच.

पण आजकाल कंपन्या एकूण वार्षिक खर्च ठरवतात, ज्याला सगळे सीटीसी म्हणतात, आणि कार्डाची रक्कम त्यातल्या स्पेशल अलाउन्समधून काढतात. मग कार्डाचे 6,000 रुपये म्हणजे कमी झालेला 6,000 रुपयांचा रोख पगार. अशा अदलाबदलीत काय पाहायचे?

कंपनीच्या गाडीसाठी उत्तर नेटके निघते. रोख पगार कमी झाल्याने जेवढ्या रकमेवरचा कर वाचतो, तेवढ्यातून 1,200 रुपयांवरचा जादा कर वजा होतो आणि दोन्हीकडे टक्केवारी तीच असल्याने टप्पा कोणता याला महत्त्वच उरत नाही. खासगी वापराचे इंधन महिन्याला 1,200 रुपयांहून (मोठ्या गाडीला 1,500 हून) अधिक लागत असेल, तर कार्ड घ्यावे. त्याहून कमी लागत असेल, तर रोख पगारच बरा.

स्वतःच्या गाडीसाठी मात्र 1,800 रुपयांनंतर फायद्याची वाढ थांबते. फिरतीची नोंद नसताना त्यावरचा प्रत्येक रुपया कार्डात असला काय आणि पगारात असला काय, कर सारखाच. मग रोख रुपया कशालाही चालतो आणि कार्डावरचा रुपया फक्त पंपावर चालतो, एवढा एकच फरक उरतो आणि तो कार्डाच्या विरुद्ध जातो. म्हणून नोंद ठेवण्याची तयारी नसणाऱ्याला मी 1,800 चेच कार्ड घ्यायला सांगतो. त्याहून मोठ्या कार्डाचा हट्ट मला आजवर समजलेला नाही.

तेरा लाखांच्या आसपास असणाऱ्यांसाठी

ज्याचे करपात्र उत्पन्न नव्या प्रणालीत 12 लाखांच्या आत, म्हणजे 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट धरून पगार 12,75,000 च्या आत आहे, त्याला आयकर कायद्याच्या कलम 87अ च्या सवलतीमुळे करच नाही. अशा माणसाला कार्डाने वाचणार काय? अदलाबदलीचे कार्ड त्याने घेऊ नये.

त्याच्या लगेच वरची पट्टी मात्र फार मोलाची आहे आणि तिकडे जवळजवळ कोणाचे लक्ष जात नाही. उत्पन्न 12 लाखांच्या थोडे वर गेले, तर कर हा 12 लाखांवरच्या जादा उत्पन्नाहून अधिक होऊ नये, अशी सीमांत सवलत (मार्जिनल रिलीफ) कायद्याने दिली आहे. याचा अर्थ या पट्टीत प्रत्येक जादा रुपया संपूर्ण करात जातो, वर उपकराचे चार पैसेही जातात. ही पट्टी करपात्र उत्पन्न सुमारे 12,70,588 होईपर्यंत, म्हणजे पगार साधारण 13,45,000 होईपर्यंत चालते.

समजा एखाद्या पर्यवेक्षकाचा पगार बरोबर 13,00,000 आहे आणि दुसरे उत्पन्न नाही. प्रमाणित वजावटीनंतर 12,25,000 उरतात, कर 25,000 आणि उपकरासह 26,000 होतो. त्याने स्वतःच्या गाडीसाठी पगारातून 1,800 रुपयांचे कार्ड काढून घेतले, तर करपात्र उत्पन्न 12,03,400 वर येते आणि कर 3,536 रुपये होतो. 15 टक्क्यांच्या टप्प्यातल्या इतरांना तीन-साडेतीन हजार वाचवून देणाऱ्या त्याच कार्डाने याचे 22,464 रुपये वाचले. कामाच्या फिरतीची आणखी 3,400 रुपयांची नोंद दाखवता आली, तर कर शून्य होतो. पगारवाढीचे पत्र आले आणि आकडा 12,75,000 च्या पुढे सरकला, की कार्डाचा तक्ता पुन्हा मागून घ्यावा, असे मी म्हणतो ते यामुळे. अर्थात बँकेतील ठेवींचे व्याज किंवा दुकानगाळ्याचे भाडे असेल, तर ते आधी मिळवावे; पट्टीत आहोत असे वाटत असते आणि व्याजाने आपण कधीच बाहेर गेलेलो असतो.

लॉगबुक

खरा फायदा फिरतीवरच्या माणसाला आहे. कामासाठी जाळलेले इंधन 1,800 हून अधिक आहे, असे दाखवता आले, तर ती सगळी वाढीव रक्कम करातून सुटते. गाडी केवळ कामासाठीच वापरली जात असेल, तर मूल्य शून्य धरले जाते. त्यासाठी नियमाने दोन गोष्टी मागितल्या आहेत : प्रत्येक प्रवासाची तारीख, ठिकाण, अंतर आणि खर्च यांची नोंद, आणि तो खर्च सर्वस्वी कामासाठीच झाला, असा मालकाचा दाखला. मघाच्याच 6,000 रुपयांच्या कार्डात कामाचे पेट्रोल 4,000 रुपयांचे असल्याचे सिद्ध झाले, तर वर्षाचे 48,000 रुपये सुटतात आणि 15 टक्क्यांच्या टप्प्यातही वाचलेला कर 3,370 वरून 7,488 रुपयांवर जातो.

नोंद कशी असावी, याचा नमुना म्हणून आमच्याकडच्या एका विक्री अधिकाऱ्याच्या वहीतली एक ओळ देतो. “सोमवार, 14 जुलै 2025. चिंचोळी–बार्शी–चिंचोळी. निघताना 41,208, परतल्यावर 41,356, एकूण 148 किमी. बार्शीत दोन वितरकांच्या भेटी, जूनच्या थकबाकीची वसुली. पेट्रोल 10 लिटर, 1,050 रुपये.” या ओळीत सगळे काही आहे. मीटरचे दोन्ही आकडे आहेत, काम नेमके काय ते आहे, आणि दहा लिटरांत 148 किलोमीटर हे गाडीच्या सरासरीशी जुळते. पुढच्या ओळीचा पहिला आकडा 41,356 हून थोडा मोठा आला, की मधला फरक खासगी वापराचा, हेही आपोआप कळते.

याच वहीच्या शेजारी दुसरी एक वही माझ्या टेबलावर आली होती. तिच्यात 6 जुलै 2025 ला “पंढरपूर, ग्राहकभेट” अशी नोंद होती. तो रविवार होता आणि त्याच दिवशी आषाढी एकादशी होती. वारीच्या गर्दीत त्या दिवशी पंढरपुरात कोणता दुकानदार टॉवेलची मागणी लिहून देत बसला होता, असे विचारल्यावर तो गृहस्थ हसला आणि ती ओळ त्याने स्वतःच खोडली. पण मग उरलेल्या शंभर ओळीही मला पुन्हा तपासाव्या लागल्या. वर्षअखेरीस एका बैठकीत, एकाच शाईने लिहिलेली वही लगेच ओळखू येते. मालकाच्या वतीने दाखल्यावर सही करणाऱ्यालाही त्याचा जाब द्यावा लागतो, म्हणून तो अशा वहीवर सही करायला कचरतो आणि त्यात त्याची चूक नाही.

पावत्यांचे आपल्या हवेशी वाकडे आहे. पंपावरची पावती उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेली असते. सोलापूरच्या मे महिन्यात ती डॅशबोर्डवर ठेवून गाडी दुपारभर उन्हात उभी केली, की संध्याकाळी हातात काळपट पट्टी येते आणि तिच्यावरचा आकडा कोणालाही वाचता येत नाही. पावती घेतल्या घेतल्या मोबाईलवर तिचा फोटो काढावा आणि त्याच वेळी मीटरचाही काढावा. कार्डाच्या मासिक उताऱ्यात तारीख आणि रक्कम मिळते, पण कोणत्या कामासाठी गेलो होतो, ते उतारा सांगत नाही. तेव्हा वही सुटत नाही.

खूण करण्यापूर्वी विचारायच्या गोष्टी

न वापरलेल्या शिलकीचे काय होते, हे लेखी विचारून घ्यावे. काही कंपन्या मार्चअखेर ती कर कापून पगारात देतात, तर काही ठिकाणी ती बुडते. बुडत असेल, तर कार्डाची रक्कम सरासरी खर्चाहून थोडी कमीच ठेवावी. राजीनामा दिल्यावर कार्ड कोणत्या दिवशी बंद होते, तेही विचारावे. इंडियन ऑइलचे एक्स्ट्रापॉवर, भारत पेट्रोलियमचे स्मार्टफ्लीट किंवा हिंदुस्तान पेट्रोलियमचे ड्राइव्हट्रॅक प्लस यांसारखी कार्डे त्या त्या कंपनीच्या पंपांसाठी असतात, म्हणून आपल्या नेहमीच्या रस्त्यावर, म्हणजे मंगळवेढा, सांगोला किंवा करमाळ्याकडे जाताना, तो पंप कुठे लागतो, ते पाहून ठेवावे. येत्या वर्षभरात गृहकर्ज काढायचे असेल, तर बँक पगारपत्रकातील रोख पगार पाहते आणि कार्डाची रक्कम उत्पन्नात सहसा धरत नाही. काही हजारांच्या करासाठी कर्जाची मर्यादा घटवून घेणे परवडणारे नाही.

आणि ज्यांना कंपनी दरमहा “पेट्रोल भत्ता” म्हणून बिलाशिवाय रोख रक्कम देते, त्यांनी तो पूर्ण करपात्र पगारच समजावा. त्यांच्यासाठी बिलांवर आधारलेले 1,800 चे कार्ड हा सरळ फायदा आहे.

खूण केली म्हणजे काम संपले असे नाही. जूनच्या मध्यापर्यंत फॉर्म 16 हाती येतो, त्याच्यासोबतचा, पगाराव्यतिरिक्तच्या सोयींचे मूल्य दाखवणारा फॉर्म 12बीए मागून घ्यावा आणि त्यातली मोटारगाडीची ओळ स्वतः वाचावी. कंपनीची लहान गाडी कार्डासह पण चालकाशिवाय वर्षभर वापरणाऱ्याच्या नावापुढे तिथे 21,600 हवेत. 28,800 दिसले, तर कोणीतरी इंजिन 1.6 लिटरहून मोठे नोंदवले आहे; अशा वेळी विवरणपत्र भरण्याआधी आरसी बुकाची प्रत घेऊन लेखा विभागात यावे.